गाडीतला सीबी, कुईंकुईं आवाज आणि बॉडी अर्थ

गाडीत सीबी लावलाय, म्हणजे सिटिझन्स बँडचा, २७ मेगाहर्ट्झवर एकमेकांशी बोलायचा रेडिओ. इंजिन बंद असलं की तो एकदम गुणी बाळ. स्क्वेल्च (ठरावीक पातळीखालचा आवाज गप्प करणारं बटण) पूर्ण उघडा ठेवला तरी एस मीटरचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा, काटा जेमतेम एकवर. आणि इंजिन चालू केलं रे केलं की काटा थेट सातवर, स्पीकरमधून असा कल्ला की समोरचा काय बोलतोय ते कान लावूनही कळेना. एक एस युनिट म्हणजे ६ डीबी (डेसिबल) धरतात, म्हणजे सहा युनिटं वर गेली तर ३६ डीबी, पॉवरमध्ये जवळजवळ चार हजार पट! सीबीवरचे मीटर तेवढे काटेकोर नसतात हे मान्य, पण अंदाज यावा म्हणून सांगतोय की लांबून येणारा बारीक सिग्नल या असल्या गोंगाटाखाली कसा पार गाडला जातो. स्क्वेल्च फिरवून आवाज बंद करता येतो हो, पण मग तो बारीक सिग्नलही बंदच होतो ना, उपयोग काय.

सेट साधाच, ४० चॅनेलचा, एएमवर ४ वॉट. (पॉवर किती, चॅनेल कोणते हे देशागणिक बदलतं, आपापला नियम बघूनच घ्या.) अँटेना डिकीच्या दाराच्या कडेला अडकवायच्या माउंटवर, आत कॉइल असलेली आखूड. २७ मेगाहर्ट्झची वेव्हलेंग्थ ११ मीटर, तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटर, एवढी उंच काठी गाडीवर कोण मिरवणार, म्हणून कॉइलवाली.

आधी एक सांगून टाकतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. त्याच गाडीचा म्युझिक सिस्टिम एफएमवर झकास वाजतो, मग सीबीच का ओरडतो? तर एएममध्ये माहिती सिग्नलच्या कमीजास्त उंचीत असते आणि ठिणगीचा, मोटरचा, चार्जरचा कचरा पण नेमका त्याच उंचीत भर घालतो, रिसीव्हरला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. एफएम रिसीव्हर ती उंची सरळ छाटूनच टाकतो. शिवाय गाडीतल्या स्विचिंगच्या कचऱ्याला २७ मेगाहर्ट्झची पट्टी भलतीच मानवते.

आता सगळे सांगतात 'फिल्टर लाव' नाहीतर 'अर्थिंग नीट कर'. दोन्ही बरोबरच, पण कुठला फिल्टर आणि कशाचं अर्थिंग? म्हणून खरेदीच्या आधी एकच चाचणी केली, इंजिन चालू ठेवून सेटच्या मागून अँटेनाची वायर काढली. (त्या अवस्थेत माइकचं बटण दाबायचं नाही, फायनल ट्रान्झिस्टर उडू शकतो.) अँटेना काढल्यावर आवाज पूर्ण गेला तर कचरा अँटेनातून येतोय, तसाच राहिला तर पॉवरच्या वायरीतून येतोय. माझ्याकडे काय झालं तर खरखर आणि टकटक गेली पण एक बारीक कुईंऽऽ शिल्लक राहिली, आणि ॲक्सिलरेटर दिला की तिचा सूर वर चढायचा. म्हणजे दोन्ही दारातून पाहुणे येत होते. हे कळलं नसतं तर पॉवरला महागडा फिल्टर लावून बसलो असतो आणि खरखर तशीच राहिली असती.

कुईंचं आधी. सूर इंजिनच्या वेगाबरोबर चढतोय म्हणजे अल्टरनेटर, यात फारसा वाद नाही. अल्टरनेटर मुळात तीन फेजचा एसी बनवतो, आतले सहा डायोड त्याचा डीसी करतात, पण तो डीसी काही सपाट नसतो, वर थोड्या लाटा राहतातच, आणि फेरे वाढले की लाटा जलद होतात म्हणून सूर चढतो. बॅटरी या लाटा बऱ्यापैकी गिळते, पण तुम्ही बॅटरीपासून लांब, डॅशबोर्डच्या लायटर सॉकेटमधून सप्लाय घेतलात तर त्या गिळण्याचा फायदा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. मी सुरुवातीला तात्पुरतं म्हणून सॉकेटमधूनच घेतलं होतं. मीटर लावून बघितलं, इंजिन बंद, बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सेटच्या टोकाला माइक दाबल्यावर ११.९. सेट ओढतो किती, तर दोन अँपिअरच्या आत, आणि तेवढ्यात पाऊण व्होल्ट वाटेतच गळतोय. म्हणजे ती वाट काही धड नाही.

डायोड बाद झालाय का हेही बघून घेतलं, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर. काही स्वस्त मीटर डीसीवर पण खोटंच एसी दाखवतात, त्यामुळे इंजिन बंद असताना तेच मीटर काय दाखवतंय ते आधी बघायचं. माझं ०.०३ च्या आसपास होतं, म्हणजे ठीक. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं असतं तर डायोडवर संशय घ्यायचा, आणि मग रेडिओचा नाद सोडून आधी अल्टरनेटर दुरुस्त करायचा कारण तो बॅटरीचीही वाट लावतो.

मग जाड वायर घेऊन थेट बॅटरीपासून लाइन आणली. लाल आणि काळी एकमेकींत पिळून, पिळल्याने दोघींनी उचललेला कचरा बराचसा एकमेकांना मारतो. फ्यूज लाल वायरीत, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात, कारण फ्यूज सेटजवळ लावला आणि वायर मधेच कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर तो फ्यूज तिथे बसून नुसता बघत राहणार. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर काढताना आधीच असलेल्या रबरी ग्रोमेटमधून काढली आणि इंजिनच्या मुख्य वायरिंग हार्नेसपासून (वायरींच्या जुडग्यापासून) जमेल तेवढी लांब ठेवली.

काळ्या वायरीबद्दल जरा थांबतो, कारण इथे जुना सल्ला आणि नवी गाडी यांचं जमत नाही. जुना सल्ला असा की काळी पण थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. पण बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्हच्या क्लॅम्पवरच एक छोटा करंट सेन्सर असतो, गाडी त्यावरून बॅटरीत किती चार्ज उरलाय याचा हिशोब ठेवते. तुम्ही काळी वायर सेन्सरच्या आधी, म्हणजे डायरेक्ट टर्मिनलला लावली की सेटचा करंट त्या हिशोबात येतच नाही. दुसरी भानगड अजून वाईट. बॅटरी आणि बॉडी-इंजिन यांच्यातला मोठा अर्थ स्ट्रॅप कधी सैल झाला किंवा गंजला, तर स्टार्टरचे शेकडो अँपिअर परतीची वाट शोधत अँटेनाच्या केबलच्या बाहेरच्या विणलेल्या जाळीतून आणि तुमच्या सेटच्या काळ्या वायरीतून जायला बघतात. धूर निघतो म्हणजे खरोखर निघतो. म्हणून बॅटरीची जाड काळी केबल बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथे, त्याच बोल्टशेजारी थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) मारून आपली काळी लावली. लाटा गिळण्याचा फायदा जवळजवळ तोच मिळतो.

हे केल्यावर कुईं पार मंदावली, माइक दाबल्यावर सेटच्या टोकाला १२.४ मिळायला लागले. उरलेल्या कुईंसाठी सेटजवळ पॉवर लाइनवर चोक आणि कपॅसिटरवाला फिल्टर लावला, सेटच्या करंटपेक्षा जास्त रेटिंगचा, आणि विषय संपला. अजून एक, ही कुईं नुसती तुम्हालाच ऐकू येते असं नाही, पॉवरमधून येत असेल तर ती तुमच्या बोलण्याबरोबर प्रसारितही होते, त्यामुळे समोरच्याला विचारा 'माझ्या मागे शिट्टी वाजतीये का', तो पण एक पुरावाच.

आता अँटेनाचं दार. इथे खरा वेळ गेला आणि खरी मजा पण इथेच आली.

आधी किल्ली नुसती ऑन केली, स्टार्टर मारला नाही. दोन सेकंद एक सपाट गुणगुण आली आणि बंद झाली. हा पेट्रोल टाकीतला फ्युएल पंप, किल्ली ऑन केल्यावर प्रेशर भरायला तो क्षणभर फिरतो आणि इंजिन चालू झालं की कायम फिरतो. याचा सूर इंजिनच्या वेगाबरोबर चढत नाही, हीच त्याची ओळख. टाकी मागे, अँटेना मागे, त्यामुळे दोघांची गाठ पडणारच. मागच्या सीटखाली पंपाचा कनेक्टर होता, त्याच्या वायरींवर क्लिपवाला फेराइट (वायरीभोवती बसणारा, कचरा अडवणारा चुंबकीय तुकडा) बसवला, कापाकापी काही केली नाही, आणि पेट्रोलच्या वायरींशी ती कोणी करूही नये. गुणगुण अर्ध्यावर आली.

मग फ्यूज काढायचा खेळ. इंजिन चालू ठेवून, ज्या फ्यूजने गाडी बंद पडणार नाही असे एकेक काढायचे आणि काटा बघायचा. एअरबॅग, एबीएस वगैरेच्या फ्यूजना हात लावायचा नाही. धाकटा भाऊ ड्रायव्हर सीटवर, मी फ्यूज बॉक्सपाशी वाकलेलो, दर फ्यूजला मी ओरडणार 'कमी झाला का रे?' आणि तो 'नाही'. शेवटी वैतागून म्हणाला, "दादा, पेट्रोल काय फुकट येतंय का, अजून किती वेळ रेस करत बसू?" तेवढ्यात मोबाइल चार्जर ज्या लाइनवर होता तो फ्यूज निघाला आणि काटा धपकन दोन युनिटं खाली. यूएसबी चार्जर! एवढासा डबा, आत स्विचिंग सर्किट, वर मोबाइलची लांब केबल म्हणजे आयती अँटेना. डॅशकॅमचा ॲडॅप्टर पण त्याच जातीचा निघाला. चार्जर बदलला, डॅशकॅमच्या केबलला फेराइटमधून वेढे दिले. फेराइट घेताना मटेरियल बघा, सगळे सारखे नसतात, मिक्स ३१ या पट्टीत चांगलं चालतं. आणि वायर नुसती एकदा आरपार गेली तर तो एकच वेढा, वेढे दुप्पट केले की परिणाम साधारण चौपट होतो, त्यामुळे एक मोठा फेराइट आणि त्यात तीनचार वेढे हे चार लहान फेराइट ओळीने लावण्यापेक्षा बरं.

आता उरली टकटक आणि एक खर्रखर्र, दोन्ही इंजिनबरोबर वाढणाऱ्या. आणि उरला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत येते ते सांगणारं माप, १ म्हणजे काहीच परत नाही), ज्याचा या सगळ्याशी काय संबंध असं आधी मलाही वाटायचं. मोकळ्या मैदानात, दारं-डिकी बंद करून मोजला तर चॅनेल १ वर पण ३ च्या वर आणि चॅनेल ४० वर पण ३ च्या वर. ३ म्हणजे पाठवलेल्या पॉवरपैकी चौथाई परत येतेय. आता अँटेना लांब किंवा आखूड असेल तर एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी दिसायला हवं, १ वर जास्त असेल तर आखूड, ४० वर जास्त असेल तर लांब. दोन्हीकडे सारखंच भिकार म्हणजे काठीची लांबी दोषी नाही, काठीच्या खालचा पत्रा कामाला येत नाहीये. अशी अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना, उरलेला अर्धा भाग गाडीच्या बॉडीने व्हायचं असतं.

मल्टीमीटर लावला, माउंट ते बॉडी, ०.२ ओहम. झकास! मग अडचण काय? अडचण अशी की डिकीचं दार बॉडीला जोडलंय कशाने, तर दोन बिजागऱ्या, त्यांत ग्रीस, वरून रंग, आणि दिव्यांच्या हार्नेसमधली एक बारीक काळी वायर. डीसी करंट त्या बारीक वायरीतून आरामात जातो आणि मीटर खूश होतं. पण २७ मेगाहर्ट्झला वायरीचा रेझिस्टन्स महत्त्वाचा नसतो, इंडक्टन्स महत्त्वाचा असतो. सरळ बारीक वायर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री धरतात, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या तुकड्याला ०.३ मायक्रोहेन्री, आणि २७ मेगाहर्ट्झवर त्याचा अडथळा होतो जवळपास ५० ओहम. अँटेनाची केबलच ५० ओहमची! म्हणजे मीटर ज्याला शून्य म्हणतंय तिथे रेडिओला अख्खी भिंत दिसतेय. हे गणित कागदावर केलं तेव्हा डोक्यात खरा प्रकाश पडला, तोवर 'अर्थ चांगला आहे' हे वाक्य मी नुसतं मीटरच्या भरवशावर म्हणत होतो आणि बहुतेक सगळे तसंच म्हणतात.

उपाय म्हणजे रुंद, चपटी, आखूड विणलेली पट्टी, तांब्याची टिनिंग केलेली. रुंद केली की इंडक्टन्स कमी, आखूड केली की अजून कमी. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना, डिकी उघडताना ताण येणार नाही एवढीच ढील ठेवून. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, घट्ट केलं, वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. माउंटचे बारके ग्रब स्क्रू ॲलन कीने सोडवून बघितले तर एकच स्क्रू रंग फोडून पत्र्यात गेला होता, दुसऱ्याने रंगावर नुसता गोल ठसा उठवला होता. तिथेही घासलं. मोजलं तर चॅनेल १ वर १.९, ४० वर १.४. आता हे बोलकं माप, १ वर जास्त म्हणजे काठी किंचित आखूड, स्क्रू सैल करून काठी थोडी वर घेतली आणि दोन्ही टोकं दीडच्या जवळ आली. दीडला परत येते ती ४ टक्केच, त्यापुढे जिवाचा आटापिटा करायची गरज नाही.

आणि गंमत म्हणजे खर्रखर्र निम्म्याने कमी झाली, तिच्यासाठी काहीच न करता. कारण बॉडीचा आधार नसला की केबलच्या जाळीची बाहेरची बाजूच अँटेनाचा अर्धा भाग बनते, आणि ती केबल जाते कुठून, तर मागच्या सीटखालून, फ्युएल पंपाच्या शेजारून, हार्नेसला घासून डॅशबोर्डपर्यंत. अख्ख्या वाटेतला कचरा वेचत. याच कारणाने माइक दाबला की पार्किंग सेन्सर टीं-टीं करायचा, इकडचा रेडिओ तिकडच्या वायरीत घुसत होता. माउंटपाशी केबलचे मोठ्या फेराइटमधून बसतील तेवढे वेढे दिले, आणि पार्किंग सेन्सरची बोंब बंद झाली.

मग पट्ट्यांची चटक लागली. बोनेट ते बॉडी एक, बोनेट म्हणजे इंजिनवरचं झाकणच, पण बिजागरीवर लोंबकळत असलं तर ते आवाज अडवण्याऐवजी वरून प्रसारित करतं. दुसरी सायलेन्सरच्या पाइपला. पाइप एका टोकाला इंजिनला जोडलेला आणि बाकी अख्खा रबरी हँगरवर टांगलेला, म्हणजे इंजिनचा कचरा मागच्या बंपरपर्यंत नेणारी लांबलचक काठी. तिथे गरम होतं म्हणून पट्टी स्टीलच्या क्लॅम्पने, थंड टोकाजवळ. यातल्या कुठल्या पट्टीने किती फरक पडला हे वेगवेगळं सांगता येईल, बोनेटच्या पट्टीने जाणवण्याइतका, सायलेन्सरच्याने थोडासा. दार-दाराला पट्ट्या मारणारे पण असतात, मला तेवढी गरज वाटली नाही.

टकटक मात्र ढिम्म. ती ठिणगीची, दर ठिणगीला एक टक. इथे पट्ट्या, फिल्टर काही कामाचं नाही, मुळावरच जावं लागतं. प्लग काढून नंबर बघितले, आधी कोणीतरी बदललेले, आणि नंबरात आर नाही. बऱ्याच कंपन्यांच्या प्लगच्या नंबरात आर म्हणजे आत रेझिस्टर, साधारण पाच हजार ओहमचा, जो ठिणगीचा तडाखा बोथट करतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेले रेझिस्टरवाले प्लग घातले, टकटक इतकी खाली आली की उरलेली सेटवरच्या एनबीने (नॉइज ब्लँकर) खाल्ली. एनबी आणि एएनएल (ऑटोमॅटिक नॉइज लिमिटर) ही दोन बटणं एकच समजू नका, एनबी सिग्नलच्या आधीच्या टप्प्यात एकेक टोकदार झटका पकडून तेवढ्या क्षणापुरता रिसीव्हर गप्प करतो, त्यामुळे ठिणगीवर जालीम आणि चार्जरच्या सततच्या खरखरीवर जवळपास निरुपयोगी. एएनएल मागाहून, आवाजात आल्यावर उंच टोकं छाटतो, आणि बोलणं पण थोडं दबकं करतो. ही बटणं शेवटी दाबायची, आधी दाबली तर कुठल्या उपायाने काय फरक पडला तेच कळत नाही.

केबलबद्दल राहिलंच. ती डिकीच्या रबरी बीडिंगखालून आत येते आणि दार आपटून आपटून तिथेच चेपते. आतला मधला गाभा जाळीला टेकला की एसडब्ल्यूआर अचानक वर उडतो, आणि हे बघायला दोन्ही कनेक्टर सोडवून गाभा ते जाळी ओहम मोजायचे, उघडं यायला हवं. अँटेना जोडलेली असताना मोजू नका, काही अँटेनांत तळाशी कॉइल जाळीला जोडलेलीच असते, शॉर्ट दिसणारच, आणि चांगली अँटेना फेकून द्याल. पुढे जाताना केबल दाराच्या चौकटीच्या खांबातून नेली नाही, तिथे पडद्याची एअरबॅग असते, खालच्या पट्टीखालून नेली.

पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर परत २.३ दाखवायला लागला. डिकीच्या पट्टीच्या खालच्या बोल्टपाशी लालसर पावडर, जेली धुऊन गेलेली. घासलं, परत जेली, वर रंगाचा हात, परत दीड. आता गाडी धुतली की त्या दोन बोल्टांकडे नजर टाकतो आणि अधूनमधून मीटर लावतो.

एक गोष्ट तशीच आहे, एसीचा ब्लोअर. तीनपर्यंत काही नाही, चारवर नेला की ब्रशच्या ठिणग्यांची सूं सुरू. वायरीवर फेराइट लावून बघितला, ढिम्म, कारण कचरा मोटरच्या आत तयार होतोय आणि कपॅसिटर लावायचा तर अगदी ब्रशपाशीच लावावा लागणार. त्यासाठी अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी ब्लोअर तीनवर चालवतो.